पंतांच्या घराची जलचाचणी

रोज संध्याकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी फोन वाजायचा आणि पहिला प्रश्न ठरलेला असायचा, "बाबा, पंत काय करताहेत?"

पंत म्हणजे सरडा. शेपटीसकट दीड हात लांब, गळ्याभोवती काट्यांची दाढी आणि चेहऱ्यावर कायम समोरच्याचा अर्ज नुकताच फेटाळल्याचा भाव. ही कोरड्या मुलखातली जात. दिव्याच्या उबेत बसायचं, पालेभाजी नि अळ्या खायच्या आणि उरलेल्या वेळात माणसांकडे नापसंतीने बघायचं, एवढाच त्याचा दिनक्रम. लेकीने त्याला कॉलेजात असताना आणलं. पुढे पाच तासांच्या अंतरावरच्या शहरात तिला नोकरी लागली, तिथल्या भाड्याच्या खोलीत सरडा चालणार नव्हता, म्हणून पंत आईबापांच्या गळ्यात पडले. त्याबद्दल त्या दोघांची काही तक्रार नव्हती. फोन चौदा मिनिटं चालायचा. त्यातली अकरा पंतांची, दोन आईची आणि उरलेल्या एका मिनिटात "बाबा, गोळी घेतलीत ना?" एवढं व्हायचं. त्या एका मिनिटासाठी वडील साडेसातपासून फोनशेजारी ठाण मांडून बसत आणि वर्तमानपत्र वाचत असल्याचं दाखवत.

या वडिलांना सगळे गळतीसाहेब म्हणत. पाणीपुरवठा खात्यात एकतीस वर्षं त्यांनी गळत्या शोधल्या होत्या. निवृत्तीला दोन वर्षं झाली तरी इमारतीत कुणाचा नळ ठिबकला की प्लंबरच्या आधी साहेबांना बोलावणं येई. साहेब जात, भिंतीला कान लावत, बोटाने ओल चाचपत आणि निदान सांगून चहा न घेता परत येत. चहा घेतला की निदानाला किंमत राहत नाही, असं त्यांचं मत होतं.

तर अशा माणसाच्या घरात ओल निघाली, आणि तीही पंतांच्या पेटीत. पंतांना पाण्याची वाटी रोज उलटी करायची सवय होती. पेटी साध्या प्लायवूडची. दीड वर्षात तिचा तळ फुगला आणि कोपऱ्यांत काळी बुरशी धरली. साहेबांना ती दिसली नाही, कारण दिव्याखाली अंधार असतो तो असा! दिसली ती लेकीला, पाच तासांवरून, फोनच्या पडद्यावर.

"बाबा, हे घर बदलायला हवं," ती म्हणाली. "ओल पंतांच्या छातीला बाधते. मी महिन्याने येतेय. तोवर कोरडं, नीट सील केलेलं घर झालं तर उत्तम. नाहीतर इथे माझ्या मैत्रिणीकडे काचेचं तयार घर आहे, तिच्याकडे ठेवीन. तुम्हालाही रोजचा त्रास नको."

पोरगी मनापासून बोलली होती. पण साहेबांनी फोन ठेवला तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता. पंत गेले की आठ दहाचा फोन कशासाठी येणार? खात्यातल्या बाकीच्यांची मुलं रविवारी फोन करत, तेही आठवण झाली तर. साहेब बायकोला एवढंच म्हणाले, "घर मी करणार." बायकोने "करा" म्हटलं आणि भाजी निवडायला घेतली. निवडून झाल्यावर कोवळी पानं तिने पंतांसाठी वेगळी काढली. पंतांना ती 'ते ध्यान' म्हणायची.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी कागदावर चौकट आखली : चार फूट लांब, दोन रुंद, दोन उंच. पुढे सरकत्या काचा आणि माती सांडू नये म्हणून काचांच्या खाली आठ इंचांची आडवी फळी. वर जाळीच्या दोन खिडक्या. इथपर्यंत सगळं सुरळीत होतं. पण साहेबांनी तो कागद जिन्यात उभं राहून पाहिला आणि तिथेच चुकले. आपल्याकडे जिन्यात उघडलेला कागद हा सार्वजनिक मालमत्तेत जमा होतो.

शेजारच्या फ्लॅटमधले निवृत्त प्राचार्य म्हणाले की पूर्ण काचच हवी. त्यांनी सरडा कधी पाळला नव्हता, पण अठ्ठावीस वर्षं शिकवला होता. काचेत ऊब टिकत नाही आणि एवढी काच उचलायला चार माणसं लागतील, असं साहेबांनी सांगितल्यावर त्यांनी, "मग सरडा लहान घ्या," असा तोडगा काढला. वरच्या मजल्यावर रक्त तपासणीची लॅब चालवणारे गृहस्थ प्लास्टिकच्या शीटवर ठाम होते, कारण ती फिनेलने पुसता येते. ज्या गोष्टीला फिनेल चालत नाही ती त्यांच्या मते घरातच नको. बायकोने पलंगाखालची लोखंडी ट्रंक सुचवली. त्यातली साहेबांची प्रशस्तिपत्रकं बाहेर काढली की ट्रंक रिकामीच होती. ही सूचना साहेबांनी ऐकू आलीच नाही असं केलं.

शेवटी सुताराला विचारलं. दाबलेल्या भुशाचा बोर्ड स्वस्त पडेल, पण त्याला एकदा ओल लागली की तो चहातल्या बिस्किटासारखा होतो, असं तो म्हणाला. चांगलं प्लाय घ्या, आतून लॅमिनेट लावू, कडांना पॉलिशचे तीन हात देऊ आणि सांधे तेवढे तुम्ही भरा. "सांध्यातलं तुम्हाला मी काय सांगणार, साहेब," या त्याच्या शेवटच्या वाक्यावर साहेब खूश झाले आणि प्लाय मुक्रर झालं.

सांगाडा आठवड्यात उभा राहिला. आता सांधे भरायचे. हार्डवेअरवाल्याने सिलिकॉनच्या चार नळ्या काउंटरवर ठेवल्या आणि या बाथरूमच्या आहेत, दहा वर्षं बुरशी धरणार नाही, म्हणून छातीठोक सांगितलं. बुरशीचा घाव ताजा होता. साहेबांनी चारच्या जागी पाच घेतल्या. रेघ अशी ओढली की सुतारानेही चष्मा लावून पाहिली. संध्याकाळी फोनवर त्यांनी लेकीला आधी रेघ दाखवली, मग कौतुकाने नळी दाखवली. लेक म्हणाली, जरा जवळ धरा. मग म्हणाली, मागची बाजू.

"बाबा, बुरशी मरावी म्हणून यात विष घातलंय. दिव्याने तापलं की पंत तेच हुंगणार."

पुढचे तीन दिवस साहेब त्या पेटीत डोकं घालून पात्याने सिलिकॉन खरवडत होते. एकतीस वर्षांत त्यांनी इतरांचं काम खरवडायला लावलं होतं, स्वतःचं ही पहिलीच वेळ. बायको अधूनमधून येऊन न बोलता चहा ठेवून जायची. हे न बोलणं साहेबांना फार लागलं. चौथ्या दिवशी ते माशांच्या टाक्या विकणाऱ्याकडून कसलंही औषध नसलेलं सिलिकॉन घेऊन आले आणि दुकानात उभं राहून नळीच्या मागची बाजू दोनदा वाचली.

एव्हाना सांगाड्याची बातमी सोसायटीच्या सचिवांपर्यंत पोचली होती. सचिव बरोबर साहेबांच्या खालीच राहत. माणूस सज्जन, पण नियमावलीवर जगणारा. पाळीव प्राण्याला वेगळा निवारा बांधायचा तर नमुना पाच भरून द्यावा लागतो, असं ते नम्रपणे म्हणाले. नमुना पाच कुत्र्यांसाठी छापलेला होता. 'भुंकण्याच्या वेळा' या रकान्यात साहेबांनी 'नाही' लिहिलं. त्यावर सचिवांनी शंका काढली की 'नाही' म्हणजे भुंकत नाही की वेळ ठरलेली नाही. 'पट्टा व साखळी' पुढे काय लिहायचं यावर दोघांनी अर्धा तास घालवला. पंत चतुष्पाद की सरपटणारे, यावर मात्र प्राचार्यांना पाचारण करावं लागलं. ते म्हणाले, दोन्ही. दोन्हीला रकाना नव्हता. शेवटी 'इतर' अशी नोंद होऊन अर्ज पुढच्या बैठकीपर्यंत प्रलंबित राहिला. प्रलंबित म्हणजे नाकारलेला नव्हे, हे साहेबांना खात्यातल्या अनुभवाने पक्कं ठाऊक होतं, म्हणून त्यांनी काम चालू ठेवलं.

नव्या सिलिकॉनची रेघ वाळली. कुठलाही शहाणा माणूस इथे थांबला असता, मातीचा थर पसरून पंतांना आत सोडता झाला असता. पण गळती निरीक्षकाच्या हिशेबी सील दिसून चालत नाही, सिद्ध व्हावं लागतं. खात्यात नवी टाकी आली की ती काठोकाठ भरायची, पाण्याच्या पातळीवर पेन्सिलची खूण करायची आणि चोवीस तासांनी खूण बघायची. खूण हलली नाही तर सही, हलली तर टाकी परत. पंतांना आयुष्यात फार तर एक वाटी पाणी सांडायचं होतं, हा मुद्दा बायकोने मांडला. साहेब म्हणाले, चाचणी म्हणजे चाचणी.

पेटी हॉलमध्ये जुन्या जेवणाच्या टेबलावर ठेवलेली होती. खालच्या आठ इंची फळीपर्यंत पाणी भरायला बरोबर दहा बादल्या लागल्या. साहेबांनी प्रत्येक बादली स्वतः वाहिली. पेन्सिलची खूण केली, वेळ लिहिली आणि खुर्ची टाकून समोर बसले. तासाभराने प्राचार्य येऊन पाहून गेले. दोन तासांनी लॅबवाले आले, त्यांनी सांध्यांवरून टिपकागद फिरवला, कागद कोरडा निघाला. "मानलं, साहेब," ते म्हणाले. साहेबांनी मान किंचित लववली. कित्येक महिन्यांत त्यांना इतकं बरं वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला चोवीस तास पुरे होत होते. पावणेअकराला साहेब वाकून खूण बघत होते. खूण केसभरही हलली नव्हती. तेवढ्यात टेबलाचा खिडकीकडचा पाय हलला. दीडशे लीटर पाणी म्हणजे दीडशे किलो वजन. ते टेबल बावीस वर्षांपूर्वी चार माणसांच्या जेवणासाठी घेतलं होतं. पाय आधी कुरकुरला, मग सरळ मोडला. पेटी कोपऱ्यावर आपटली, तळाची फळी उसवली आणि दहाच्या दहा बादल्या एकदम हॉलमध्ये आल्या. वर्तमानपत्रांचा गठ्ठा तरंगला. चपला दाराकडे निघाल्या. पंत खिडकीतल्या प्लास्टिकच्या टबात, तात्पुरत्या दिव्याखाली बसले होते. त्यांनी एक डोळा उघडला, सगळं पाहिलं आणि मिटला.

साहेब आणि त्यांची बायको चादरी, टॉवेल, जे हाताला लागेल ते घेऊन पाणी अडवत होते. पण पाण्याला वाट शोधायला शिकवावं लागत नाही. दहा मिनिटांत खालून सचिव वर आले. त्यांच्या खांद्यावर ओला ठिपका होता. त्यांनी ओल्या फरशीकडे पाहिलं आणि खांद्याकडे बोट केलं.

संध्याकाळी नोटीस आली. 'आपल्या सदनिकेतून होणाऱ्या गळतीमुळे' अशी सुरुवात होती, पुढे 'आपल्या अक्षम्य हलगर्जीपणाची' असे शब्द होते आणि शेवटी 'सात दिवसांत खुलासा न आल्यास'. साहेबांना ती भाषा ओळखीची वाटली. मग आठवलं. तीन वर्षांपूर्वी सोसायटीने गळतीच्या नोटिशीचा मसुदा तज्ज्ञ म्हणून त्यांच्याकडूनच करून घेतला होता. 'अक्षम्य' हा शब्द त्यांनीच आग्रहाने घातला होता, कारण त्याशिवाय लोक हलत नाहीत.

साहेब रात्रीचं जेवले नाहीत. खुलाशात त्यांनी लिहिलं की ही गळती नव्हे. सील चोवीस तास, पंधरा मिनिटं कमी, अबाधित होतं. अपयश टेबलाचं होतं. सचिवांनी उत्तर दिलं की नमुन्यात टेबलाचा रकाना नाही. शेवटी सचिवांच्या छताला रंग लावून देण्यावर तडजोड झाली, आणि साहेबांनी शिडीवर चढून तो रंग स्वतः लावला. येणारेजाणारे उघड्या दारातून विचारत, "साहेब, गळती कुठली?" साहेब म्हणत, "वरची."

लेकीला यायला आता नऊ दिवस उरले. सुताराने तळाची फुगलेली फळी बदलली. साहेबांनी पुन्हा सांधे भरले, कडांना पुन्हा पॉलिशचे तीन हात दिले आणि या वेळी चाचणी केली ती एका वाटीची. पेटी आता जमिनीवरच होती. पण पॉलिश नुसतं वाळून भागत नाही, त्याचा वास पार जावा लागतो, आणि त्याला दोनतीन आठवडे तरी हवेत. वास असताना आत जनावर सोडायचं नाही, असं लेकीने बजावलं होतं. साहेबांनी वासाची नोंदवही उघडली. रोज दोन वेळा काचा सरकवायच्या आणि हुंगायचं. साहेबांचं नाक रंगाने चोंदलेलं, म्हणून हुंगण्याचं काम बायकोकडे आणि लिहिण्याचं त्यांच्याकडे. तारीख, वेळ, वास, शेरा, सही. तीव्र. तीव्र. मध्यम. लेक यायची तो रविवार उजाडला तेव्हाही 'मध्यम'च होतं.

आदल्या दिवशी लॅबवाले म्हणाले होते की पंखा लावून, कॉफीची पूड ठेवून तासाभरापुरता वास दाबता येईल, पोरीला कळणारही नाही. साहेबांनी त्यावर विचार केला, हे कबूल केलं पाहिजे. चांगला अर्धा तास केला. कॉफीचा डबा हातात घेऊन ते स्वयंपाकघरात उभे राहिले आणि मग त्यांनी तो परत फळीवर ठेवला.

लेक आली. बॅग खाली ठेवायच्या आधी तिने टबातल्या पंतांना उचलून खांद्यावर घेतलं. पंतांनी तिच्या कानाकडे नापसंतीने पाहिलं. मग ती नव्या घरासमोर बसली. सांधे पाहिले, जाळी पाहिली, काचा सरकवून पाहिल्या.

"सुंदर झालंय, बाबा."

"वास आहे," साहेब म्हणाले. "नापास आहे. न्यायचं तर तू पंतांना ने."

एवढं म्हणून ते खिडकीपाशी गेले आणि उगाच तिची कडी बघत राहिले. लेकीने वास घेतला. होता. मग तिने शेजारची नोंदवही उचलली. वाचता वाचता तिचं बोट शेऱ्याच्या रकान्यात थांबलं. तिथे साहेबांच्या ठळक अक्षरात लिहिलेलं होतं : 'फोन ८.१०. १४ मि.' खाली, 'फोन ८.१५. ६ मि. घाईत होती.' त्याच्या खाली, 'फोन नाही.' पुन्हा, 'फोन नाही.' मग, 'फोन ८.१०. ११ मि. खोकला वाटला.'

"हे वासाच्या वहीत कशाला?" तिने विचारलं.

"रकाना मोकळा होता," साहेब कडीकडे बघतच म्हणाले.

बायको आतून हात पुसत आली. "पंत गेले की तुझा फोन बंद होईल, एवढीच धास्ती आहे त्यांना," ती म्हणाली. "आणि खरं सांगू का, मलाही."

लेकीचे डोळे भरून आले होते आणि ते दिसू नयेत म्हणून ती पंतांची मान खाजवत राहिली. मग तिने वडिलांना विचारलं, "तुमच्या खात्यात टाकी नापास झाली की काय करायचे?"

"फेरतपासणी. पंधरा दिवसांनी."

"मग पंधरा दिवसांनी येते. तोवर पंत इथेच राहू देत."

वास तिच्या मागोमाग पाचसहा दिवसांत गेला. बायकोने दोनदा हुंगून खात्री केली आणि पंतांना नव्या घरात हलवलं. पंतांनी त्याच संध्याकाळी पाण्याची वाटी उलटी केली. एक थेंब बाहेर आला नाही.

पंधराव्या दिवशी, सकाळच्या पहिल्या गाडीने, लेक आली. चहा न घेताच ती पेटीसमोर बसली, काचा सरकवल्या आणि खांद्यापर्यंत आत शिरली. पंत दिव्याखाली, तिच्या नाकापासून वीतभर अंतरावर, ऐसपैस बसलेले होते. तिने दीर्घ श्वास घेतला, मग आणखी एक. बाहेर येऊन तिने नोंदवही मागवली आणि नीट अक्षरात लिहिलं : 'किंचित वास येतो. फेरतपासणी पंधरा दिवसांनी.' खाली सही केली आणि वही वडिलांपुढे सरकवली.

साहेबांनी चष्मा लावून ते वाचलं. पेटीकडे पाहिलं, पंतांकडे पाहिलं. एकतीस वर्षांत त्यांनी खोट्या शेऱ्याखाली सही केली नव्हती, त्यापायी त्यांच्या दोन बढत्या गेल्या होत्या. त्यांनी बायकोकडे पाहिलं, तर ती गंभीर चेहऱ्याने हवा हुंगत होती.

साहेबांनी पेन उघडलं, लेकीच्या सहीखाली 'सहमत' असं लिहिलं, आणि तारीख घालून सही केली.